गुणांमागचा आवाज

शाळेच्या मैदानावर संचलनाची स्पर्धा संपते आणि थोड्याच वेळात ध्वनिक्षेपकावरून निकाल जाहीर होतो. अमुक पथक पहिले, तमुक दुसरे. टाळ्या होतात, ढाल उचलली जाते. आणि चौथ्या क्रमांकावर राहिलेल्या पथकातली मुले घरी परतताना एकमेकांना एकच प्रश्न विचारीत राहतात : आपले चुकले कुठे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोणीच देत नाही. परीक्षकाच्या कागदावर आकडा असतो, पण तो कोणत्या क्षणी, कोणत्या रांगेमुळे, कोणत्या वळणावर खाली आला, हे आकड्याला सांगता येत नाही. अमेरिकेतील शालेय बँडपथकांच्या आणि ढोल-बिगुल पथकांच्या स्पर्धांनी या प्रश्नाला उत्तर देण्याची एक रीत गेल्या अर्धशतकात घडवली. पथकाचा कार्यक्रम चालू असतानाच परीक्षकाने बोलत राहायचे, ते बोलणे मुद्रित करायचे आणि स्पर्धेनंतर पथकाच्या शिक्षकांच्या हाती सोपवायचे. ही रीत कॅसेटवर वाढली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिजिटल ध्वनिमुद्रणाकडे वळली. इतिहासाच्या मोठ्या पटावर ही घटना फारच लहान आहे. तरीही परीक्षा कोणासाठी घ्यायची, हा शाळांचा जुना प्रश्न तिच्यात जितक्या स्पष्टपणे दिसतो तितका क्वचितच कोठे दिसत असेल.

प्रथम या स्पर्धांचे स्वरूप पाहावे लागेल, कारण आपल्याकडील २६ जानेवारीच्या संचलनाहून ते बरेच निराळे आहे. अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात त्याच्या मैदानावर, सुमारे ९१ मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद जागेत, शंभर-दोनशे मुले वाद्ये वाजवीत एकाच वेळी चालत असतात. रांगा वक्र होतात, वर्तुळे उमलतात, मिटतात, तिरप्या रेषा एकमेकींतून आरपार जातात; आणि हे सारे सात ते बारा मिनिटांत आटोपते. शाळांच्या पथकांत पितळी वाद्यांबरोबर सनईच्या जातीची लाकडी वाद्येही असतात. ढोल-बिगुल पथके, म्हणजे तेथील ‘ड्रम अँड ब्यूगल कोअर’, यांत मात्र तोंडाने वाजवायची पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि निशाणे फिरवणारी तुकडी एवढाच सरंजाम. पहिल्या महायुद्धानंतर ‘अमेरिकन लीजन’ आणि ‘व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स’ या माजी सैनिकांच्या संघटनांनी अशा पथकांना आश्रय दिला आणि त्यांच्या स्पर्धा भरवल्या.

आश्रयदाते सैनिक असल्यामुळे परीक्षणाची पद्धतही लष्करी तपासणीसारखीच होती. पथकाच्या पदरी आरंभीच पूर्ण गुण जमा धरायचे आणि प्रत्येक चुकीसाठी एक दशांश गुण वजा करायचा. या वजाबाकीच्या खुणेला ‘टिक’ म्हणत. हातात पॅड आणि पेन्सिल घेतलेले परीक्षक मैदानात उतरत, चालत्या ढोलवाद्यांच्या रांगेशेजारून मागे मागे सरकत, कान टेकल्यासारखे वाकून ऐकत आणि कोणाची काडी क्षणभर आधी पडली की कागदावर रेघ ओढीत. या पद्धतीला एक कठोर प्रामाणिकपणा होता, हे मान्य केले पाहिजे. परीक्षकाच्या आवडीनिवडीला तिच्यात जागा थोडी होती. पण तिचे दोष मोठे होते. चूक किती मोठी याचा हिशेब नव्हता. सोपे वाजवून निर्दोष राहणारा फायद्यात आणि अवघड वाजवण्याचे धाडस करणारा तोट्यात, असा उलटा न्याय तिच्यातून होई. आणि शिक्षकाच्या हाती अखेरीस येई तो रेघांनी भरलेला कागद. चाळीस रेघा आहेत, एवढे कळे. त्या कोणाच्या नावाच्या, ते नाही.

१९७१ साली काही पथकांच्या प्रमुखांनी माजी सैनिक संघटनांच्या छत्राबाहेर पडून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही स्वतःची संस्था उभारली. शिकागोच्या कॅव्हेलिअर्स पथकाचे डॉन वॉरन आणि वायोमिंगमधील कॅस्पर या गावच्या ट्रूपर्सचे जिम जोन्स हे त्यात पुढे होते. १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ॲनाहाइम किंग्जमेन हे पथक पहिले आले. शाळांच्या बँडपथकांसाठी लॅरी मॅकॉर्मिक यांनी १९७५ मध्ये ‘मार्चिंग बँड्स ऑफ अमेरिका’ सुरू केली, आणि तिचीही पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुढच्याच वर्षी व्हाइटवॉटरलाच भरली. पथकांच्या हाती नियम आल्यावर परीक्षणाचे नियम बदलणे ओघानेच आले. १९८४ च्या हंगामापासून ड्रम कोअर इंटरनॅशनलने टिकची पद्धत सोडली. आता शून्यापासून वर चढत जायचे होते : रचना किती समृद्ध, ती किती कौशल्याने सादर झाली, दोहोंचे मोल वेगवेगळे करायचे आणि त्याप्रमाणे गुण द्यायचे.

या बदलाने परीक्षकावर एक नवे ओझे टाकले. रेघ मोजून दाखवता येते. ‘रचनेची समृद्धी’ मोजून दाखवता येत नाही. एका पथकाला १७.३ आणि दुसऱ्याला १७.६ का, हे सांगण्याची जबाबदारी परीक्षकावर आली. गुणांतील अंतरे किती बारीक असत याची कल्पना पुढच्या काही निकालांवरून येते. ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या अंतिम स्पर्धेत १९९६, १९९९ आणि २००० अशी तीन वर्षे पहिल्या क्रमांकासाठी चक्क बरोबरी झाली. १९९९ मध्ये ब्लू डेव्हिल्स आणि सँटा क्लारा व्हॅनगार्ड या दोन्ही पथकांना ९८.४ गुण होते. इतक्या बारीक तराजूवर तोलणाऱ्याने आपल्या तोलण्याचे कारण दिलेच पाहिजे. आठ-दहा मिनिटांच्या धावपळीत ते लिहून देणे अशक्य, कारण लिहायला मान खाली घातली की मैदानावरचे एक चित्र निसटते. बोलत राहणे मात्र शक्य होते.

त्यासाठी लागणारे साधन तोवर घराघरांत पोचले होते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेली कॅसेट, लू ओटेन्स यांच्या हाताखालच्या मंडळींनी बेल्जियममधील हासेल्ट येथे घडवलेली, ही मूळची बोलणे टिपण्यासाठीच होती. संगीत तिच्यावर पुढे आले. जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर गती, आणि सारे खिशात मावणाऱ्या डबीत. भारतात कॅसेटने काय केले हे वेगळे सांगायला नको. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणच्या मराठी घरांत नाट्यपदे, अभंग आणि भावगीते ऐंशीच्या दशकात पोचली ती बरीचशी कॅसेटवरूनच. गाणे शिकणारे विद्यार्थी गुरूंच्या परवानगीने तालीम मुद्रित करून घेत आणि आठवडाभर ती पुनःपुन्हा ऐकत. सैल पडलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळण्याचे कसब तर त्या पिढीच्या बोटांत अजूनही शिल्लक असेल. अमेरिकन परीक्षकाने कॅसेटचा केलेला उपयोग या तालमीच्या उपयोगाच्या फार जवळचा होता.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत ही प्रथा रुळत गेली. परीक्षक खांद्याला किंवा गळ्यात लहान टेपरेकॉर्डर अडकवी. काही परीक्षक प्रेक्षागाराच्या माथ्यावरच्या कक्षात बसत, काही मैदानावर फिरत. प्रत्येक पथकासाठी प्रत्येक परीक्षकाची स्वतंत्र कॅसेट. सात परीक्षक आणि चोवीस पथके धरली तर एका दिवसाच्या १६८ कॅसेट होतात. त्या साऱ्यांवर आधीच चिठ्ठ्या डकवून, क्रमाने लावून ठेवायच्या, दर पंधरा मिनिटांनी परीक्षकांपर्यंत पोचवायच्या, भरलेल्या परत आणायच्या आणि त्या त्या पथकाच्या लिफाफ्यात घालायच्या. हे काम बहुधा मुलांचे पालक आणि स्वयंसेवक करीत. स्पर्धेचा खरा गाडा त्या लिफाफ्यांच्या टेबलावरून हाकला जाई असे म्हटले तरी चालेल, जरी मानचिन्ह देताना त्यांचे नाव कोणी घेत नसे.

कॅसेटचे स्वभावदोषही होते. तिच्या आरंभीची काही सेकंदांची पट्टी साधी प्लास्टिकची असते. तिच्यावर काही उमटत नाही. परीक्षक आपले नाव आणि पथकाचे नाव सांगू लागे आणि नेमके तेच गळून जाई, म्हणून अनुभवी माणसे फीत आधीच थोडी पुढे सरकवून ठेवत. बटण अर्धवट दाबले जाई. बॅटरी उतरली की फीत मंद फिरे आणि पुढे ऐकताना परीक्षक भलत्याच घाईने, चिरक्या आवाजात बोलल्यासारखा वाटे. रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय असे; समोर साठ-सत्तर पितळी वाद्ये एकदम गर्जली की ती सोय घाबरून साराच आवाज दाबून टाकी, आणि परीक्षकाचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्याच गर्जनेत बुडे. कधी एका पथकाची कॅसेट दुसऱ्याच्या लिफाफ्यात जाई. शंभर मैल दूर गेल्यावर ते कळे.

तरीही या कॅसेटने जे दिले ते कागदाला कधी देता आले नव्हते. तिच्यावर दोन आवाज एकाच वेळी असत : वर परीक्षकाचा आणि त्याच्याखाली पथकाचा. ‘आता येथे डावीकडची तुकडी मागे पडते आहे’ असे परीक्षक म्हणतो तेव्हा ती तुकडी मागे पडलेली त्याच क्षणी ऐकू येते. यात ध्वनिशास्त्राचा एक मुद्दा फार मोलाचा आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या मागच्या कडेला वाजलेला ढोल ४९ मीटर ओलांडून पुढे यायला सुमारे ०.१४ सेकंद घेतो. मिनिटाला १८० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ०.३३ सेकंदाची, म्हणजे मागचा वादक अगदी बरोबर वाजवूनही पुढे बसलेल्याला तो जवळजवळ निम्मी मात्रा उशिरा ऐकू येतो. म्हणून मागच्यांनी किंचित आधी वाजवायचे असते आणि किती आधी, हे मैदानावरच्या जागेगणिक बदलते. मैदानातल्या परीक्षकाला जे बरोबर वाटले ते वरच्या कक्षातल्याला चुकीचे वाटणे यामुळे अगदी शक्य होते. दोन गुणपत्रके शेजारी ठेवली तर हा नुसता विरोध दिसे. दोन कॅसेट ऐकल्या की कारण कळे, कारण प्रत्येक परीक्षक कोठे उभा राहून काय ऐकत होता हे फितीने जसेच्या तसे टिपलेले असे.

दुसरी गोष्ट परीक्षकाच्याच बाबतीत घडली. रेघ ओढणाऱ्याला कोणी प्रश्न विचारू शकत नव्हते. बोलणाऱ्याचे मात्र सारे मुद्रित होत होते. तो पथकाकडे पाहत होता की शेजाऱ्याशी गप्पा मारीत होता, त्याला ती रचना कळली होती की नाही, त्याने चूक पाहिली तेव्हा चांगलेही पाहिले का, याचा पुरावा त्याच्याच आवाजात पथकाच्या शिक्षकाकडे जात होता. स्पर्धेनंतर परीक्षक आणि शिक्षक समोरासमोर बसून चर्चा करीत, आणि आपण काय बोललो ते विसरण्याची मुभा आता परीक्षकाला नव्हती. परीक्षकाचीही परीक्षा सुरू झाली. चांगले परीक्षक त्यामुळे अधिक चांगले झाले. ते मुलांना उद्देशून बोलू लागले. उत्तम शिक्षक वहीच्या समासात लिहितो तशी त्यांची वाक्ये असत : काय चुकले, का चुकले, उद्या सरावात काय करावे. परतीच्या बसमध्ये, रात्री उशिरा, शिक्षक ती कॅसेट लावीत. पेंगुळलेली मुले आपल्याच वादनावर चाललेले हे भाष्य ऐकत आणि सोमवारच्या सरावाची दिशा तेथेच ठरे.

डिजिटल ध्वनिमुद्रण आले ते या स्पर्धांसाठी म्हणून नव्हे. आवाजाची माहिती आटवून लहान जागेत बसवण्याची जी पद्धत जर्मनीत एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत विकसित झाली, तिच्या फाइलींना १४ जुलै १९९५ रोजी ‘एमपी३’ हे शेपूट मिळाले. पुढे खिशातले डिजिटल रेकॉर्डर स्वस्त झाले, २००० च्या सुमारास पेन ड्राइव्ह बाजारात आले आणि कॅसेटची आयुष्यरेषा आखूड होत चालली. दहा मिनिटांचे बोलणे साध्या प्रतीत साठवले तर साधारण ५ मेगाबाइट जागा पुरते. वर सांगितलेल्या १६८ कॅसेटचे खोके आता एका पेन ड्राइव्हमध्ये मावत होते आणि त्यात जागा उरत होती.

इतका उघड फायदा असूनही बदल एका झटक्यात झाला नाही. वेगवेगळ्या संघटनांनी वेगवेगळ्या वर्षी, कोणी घाईने तर कोणी नाइलाजाने, कॅसेट सोडली. त्यामागची कारणे हट्टाची नव्हती. शाळेच्या बसमध्ये आणि शिक्षकांच्या मोटारीत कॅसेटच वाजत होती. अमेरिकेत कारखान्यातूनच कॅसेटयंत्र बसवून येणारी शेवटची नवी मोटार २०१० च्या सुमाराची, असे सांगितले जाते. कॅसेट हरवली तर एका पथकाचे एका परीक्षकाचे भाष्य हरवे. रेकॉर्डर बिघडला किंवा चुकीचे बटण दाबले गेले तर दिवसभराचे सारे पुसले जाण्याची भीती होती. शिवाय कॅसेटवर चिठ्ठी डकवता येई. रेकॉर्डर फाइलींना आपले अनुक्रमांक देई, आणि एखाद्या परीक्षकाने चुकून दोनदा बटण दाबले की पुढचे सारे क्रमांक एकेका घराने सरकत. मग रात्री संगणकापुढे बसून प्रत्येक फाइलीचा आरंभ ऐकत, हे कोणाचे पथक ते ओळखत बसावे लागे. कॅसेटच्या टेबलावरचे स्वयंसेवक संपले नाहीत. ते खोक्यांमागून उठून संगणकामागे बसले. मधल्या काळात फाइली सीडीवर उतरवून देण्याचीही पद्धत होती. तिचे दोन्ही बाजूंनी हालच झाले : कॅसेटचा सोपेपणा नाही आणि नव्याचा वेगही नाही.

खरा फरक पडला तो फाइल इंटरनेटवरून पाठवता येऊ लागली तेव्हा. परीक्षकाने कार्यक्रम संपताच बटण दाबावे आणि पथक बसजवळ पोचेपर्यंत भाष्य शिक्षकाच्या फोनवर यावे, इतके अंतर आटले. गुण आणि भाष्य एकत्र गोळा करून देणाऱ्या संगणकप्रणाली तयार झाल्या. ‘कॉम्पिटिशन सूट’ ही त्यांतली एक, आणि ड्रम कोअर इंटरनॅशनलही ती वापरते. सकाळच्या फेरीतली सूचना रात्रीच्या फेरीआधी अमलात आणता येऊ लागली. चित्रफितीवर परीक्षकाचा आवाज बसवून, तो ज्या रांगेबद्दल बोलतो ती रांग डोळ्यांनी पाहता येऊ लागली. आवाज स्वच्छ झाला आणि एकाच भाष्याच्या हव्या तितक्या प्रती निघू लागल्या.

२०२० मध्ये महामारीमुळे ड्रम कोअर इंटरनॅशनलचा तो हंगाम रद्द झाला. पुढच्या वर्षी बंदिस्त सभागृहांत होणाऱ्या तालवाद्य आणि निशाण-पथकांच्या स्पर्धा घेणाऱ्या ‘डब्ल्यूजीआय’ संघटनेने पथकांकडून चित्रफिती मागवून दूरस्थ स्पर्धा घेतल्या. परीक्षक आपापल्या घरी आणि पथक आपल्या शाळेत अशी वेळ आली, तरी परीक्षकाचा आवाज मुलांपर्यंत पोचला. कॅसेटच्या काळात हे साधले नसते.

या वेगाची किंमतही आहे, आणि ती नोंदवली नाही तर हा इतिहास अपुरा राहील. कॅसेट एकच असे, म्हणून ती एकत्र ऐकावी लागे, आणि आधी कोणती ऐकवायची, कोणते वाक्य आज मुलांच्या कानावर घालायचे नाही, हे शिक्षक ठरवी. प्रत निघणे सोपे झाले की ती कोठवर जाईल याचा नेम नसतो. आपले बोलणे उद्या पालकांच्या फोनवर फिरेल अशी धास्ती असलेला परीक्षक जपून, गुळगुळीत बोलण्याचा संभव असतो. आणि असे जपून बोललेले भाष्य मुलांच्या फारसे कामाचे नसते. निकालाचे दुःख ओसरण्याआधीच चुकांची यादी हाती येणे हेही प्रत्येक वेळी हिताचे असेलच असे नाही. बसच्या दोन तासांनी जे अंतर आपोआप मिळत होते, ते आता शिक्षकाला ठरवून ठेवावे लागते.

आपल्याकडे शालेय बँडपथकांच्या स्पर्धा वाढत आहेत. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीत देशभरातील शाळांच्या पथकांची स्पर्धा गेली काही वर्षे होत आहे. प्रत्येक परीक्षकाच्या खिशात आज फोन आहे आणि त्यात ध्वनिमुद्रणाची सोय आहे. अमेरिकन स्पर्धांनी जे साधन मिळवण्यासाठी १६८ कॅसेटची खोकी वाहिली, ते येथे वेगळा खर्च न करता उपलब्ध आहे. अडचण असलीच तर ती परीक्षकाने बोलायला आणि आयोजकांनी ते बोलणे पथकाला द्यायला तयार होण्याची आहे.

जुन्या कॅसेटचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. अमेरिकेतील काही शाळांच्या बँडच्या खोलीत, गणवेशांच्या कपाटामागे, बुटांच्या खोक्यांत भरलेल्या कॅसेट अजून सापडतात. फितीवरचा चुंबकीय थर काळाने झिजतो, म्हणून माजी विद्यार्थी आता त्या संगणकावर उतरवून घेतात. १९८६ किंवा १९९१ चा तो हंगाम कोणी वेगळा मुद्रित केलेला नसेल, तर त्या पथकाचे वादन आज ऐकू येते ते परीक्षकाच्या बोलण्याखालीच. पन्नाशी ओलांडलेला एखादा गृहस्थ कान देऊन ऐकतो. परीक्षक म्हणतो, तिसरा बिगुल किंचित उंच लागतो आहे, आणि त्या वाक्यामागे, खरखरीतून, तो तिसरा बिगुल खरोखरच किंचित उंच वाजत असतो.